शिरोरेषा न मोडता मथळा बसवायचा कसा? व्हेरिएबल फॉन्टची ओळख

गूगल फॉन्ट्सवरून एखादा मराठी फॉन्ट उतरवला की हल्ली झिपमधून बऱ्याचदा दोन गोष्टी निघतात. एक ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर, ज्यात पाच-दहा, कधी चक्क चाळीस फाइली असतात. आणि त्या फोल्डरच्या बाहेर एकटीच एक फाइल, जिच्या नावात ‘व्हेरिएबलफॉन्ट’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे उच्चारही करता येणार नाही अशी काही अक्षरं. डीटीपी करणाऱ्या ओळखीच्यांकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो: “यातलं टाकायचं काय?” बरेच जण दोन्ही टाकतात. मग फॉन्टच्या यादीत एकच नाव दोनदा दिसू लागतं, बोल्ड निवडलं तर भलतंच काही येतं, आणि शेवटी माणूस वैतागून जुन्या फॉन्टकडे परत जातो.

ती एकटी फाइल समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्रजीत काम करणाऱ्यांसाठी व्हेरिएबल फॉन्ट ही एक चांगली सोय आहे. आपल्यासाठी त्याहून जास्त काही आहे, आणि त्याचं कारण आपल्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ.

साधा फॉन्ट आणि पंख्याचा रेग्युलेटर

आपण ज्याला ‘एक फॉन्ट’ म्हणतो ते खरं तर एक कुटुंब असतं. रेग्युलर, मीडियम, बोल्ड, कंडेन्स्ड अशा प्रत्येक शैलीची वेगळी फाइल. रेग्युलर थोडा फिका वाटतोय आणि मीडियम थोडा गडद, तर मधलं काही मिळत नाही. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखं हे आहे. दोनवर उकडतं, तीनवर कागद उडतात, अडीच नाही.

नवीन रेग्युलेटरची चकती कुठेही थांबवता येते. व्हेरिएबल फॉन्ट तसा. एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या असतात, आणि मधल्या कुठल्याही जागी थांबता येतं. जाडी मोजायची पद्धत ठरलेली आहे: ४०० म्हणजे रेग्युलर, ७०० म्हणजे बोल्ड. पण तुम्हाला ४३० हवं असेल तर ४३० मिळतं.

ठिपक्यांची रांगोळी

हे एका फाइलमध्ये मावतं कसं? चाळीस फाइली एकात कोंबलेल्या असतात असा समज असतो. तसं नाही.

फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर म्हणजे कडेने ठेवलेले ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेघा. हुबेहूब ठिपक्यांची रांगोळी. ‘क’ काढताना समजा चाळीस ठिपके लागले. आता डिझायनर तोच ‘क’ दोनदा काढतो, एकदा अगदी बारीक आणि एकदा खूप जाड. दोन्ही वेळा ठिपके चाळीसच, आणि त्यांचा क्रमही तोच. फाइलमध्ये एक पूर्ण रांगोळी ठेवलेली असते आणि सोबत एक टिपण: जाड करायचं तर पहिला ठिपका इतका डावीकडे, दुसरा इतका वर, तिसरा जागेवरच.

समजा बारीक अक्षरात एखादा ठिपका २० वर आहे आणि जाड अक्षरात ६० वर. तुम्ही बरोबर मधली जाडी मागितली तर संगणक तो ४० वर ठेवतो. पाव अंतर मागितलं तर ३० वर. गणित चौथीतलं आहे. ते शेकडो ठिपक्यांवर क्षणात होतं, एवढंच.

ठिपक्यांची संख्या जुळलीच पाहिजे ही अट मात्र कडक आहे. बारीक ‘क्ष’मध्ये बावन्न आणि जाड ‘क्ष’मध्ये त्रेपन्न ठिपके असतील तर त्या एका ठिपक्याने जायचं कुठे, हे संगणकाला कळत नाही. देवनागरीत असे फॉन्ट करायला वेळ का लागतो याचं निम्मं उत्तर या अटीत आहे. त्याबद्दल शेवटी.

ठिपके ज्या एका गुणाच्या दिशेने सरकतात त्याला ‘ॲक्सिस’ म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये तो सरकत्या पट्टीच्या रूपात दिसतो, म्हणून इथून पुढे मी नुसतं ‘पट्टी’ म्हणेन. प्रमाणित पट्ट्या पाच आहेत: जाडी, रुंदी, तिरकेपणा, इटालिक आणि आकारानुसार घडण. मराठी कामात पहिल्या दोनच मुख्य. फाइलच्या नावातली न उच्चारता येणारी अक्षरं म्हणजे याच दोन पट्ट्यांची चार-चार अक्षरी नावं. जाडी आणि रुंदीच्या इंग्रजी शब्दांतले स्वर गाळून ती केलेली आहेत.

पाचव्या पट्टीबद्दल थोडंसं, कारण ती कल्पना मला फार आवडते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा टाइप वेगळा घडवावा लागे. बारीक टाइपात अक्षरांची पोटं जरा मोकळी ठेवत, रेघा जरा दणकट ठेवत, म्हणजे शाईने ती भरून जात नसत. संगणक आल्यावर एकच आराखडा सहा पॉइंटलाही आणि सहाशे पॉइंटलाही वापरला जाऊ लागला आणि ती काळजी गेली. आकाराच्या पट्टीने ती परत आणता येते.

हे आलं कुठून

१४ सप्टेंबर २०१६ रोजी पोलंडमध्ये वॉर्सा इथे अक्षररचनाकारांची जागतिक परिषद भरली होती. तिथे अॅडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही पद्धत जाहीर केली. कल्पना त्याहून जुनी. अॅडोबीने १९९१ च्या सुमारास ‘मल्टिपल मास्टर’ नावाने आणि ॲपलनेही नव्वदच्या दशकातच आपल्या पद्धतीने असे फॉन्ट आणले होते. ते फार चालले नाहीत, कारण एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या यंत्रणेत चालत नसे. २०१६ मध्ये चौघांनी एकच नियम मान्य केला, हा खरा बदल.

“पण अक्षर ओढलं की बसतंच की!”

मथळा रकान्यात बसत नाही. आपण काय करतो? अक्षरांची चौकट धरतो आणि आत दाबतो. बसला मथळा. फ्लेक्सवर नाव लहान वाटतं, तेव्हा कोपरा धरून बाहेर ओढतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं आहे, आणि त्या काळातल्या स्मरणिका आज उघडल्या की डोळ्यांना ते लगेच खुपतं.

काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. समजा ‘राम’मधला काना १० एकक जाड आहे आणि वरची शिरोरेषा ९ एकक. मथळा आडवा दाबून ७० टक्के केला. काना उभा आहे, त्याची जाडी आडवी मोजतात, म्हणून तो ७ झाला. शिरोरेषेची जाडी उभी मोजतात, ती ९ च राहिली. आता बारीक खांबांवर जड तुळई ठेवल्यासारखा शब्द दिसतो. उलट १५० टक्के ओढला तर काना १५ आणि शिरोरेषा ९. खांब दांडगे आणि वर पत्रा. वाचणाऱ्याला यातलं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी स्वस्तातलं आहे हे त्याला जाणवतं.

रुंदीची पट्टी सरकवली तर असं होत नाही. कारण अरुंद ‘म’ आणि रुंद ‘म’ हे दोन्ही माणसाने बसून काढलेले असतात. अरुंद ‘म’मध्ये पोट कमी होतं, पण काना आणि शिरोरेषा यांचं नातं डिझायनरने सांभाळलेलं असतं. ठिपके त्याने ठरवलेल्या वाटेनेच सरकतात.

“मग अक्षरांतलं अंतर कमी-जास्त करून बसवू.” इंग्रजीत ही युक्ती थोडीफार चालते, कारण तिथे अक्षरं सुटी असतात. देवनागरीत चालत नाही. फॉन्टमध्ये शिरोरेषा सलग नसते. प्रत्येक अक्षर आपल्यापुरता तुकडा घेऊन येतं, आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला किंचित भिडलं की आपल्याला एक रेघ दिसते. अंतर वाढवलं की ते सांधे उघडतात आणि ‘महाराष्ट्र’च्या डोक्यावर फटी पडतात. पुणे-मुंबई रस्त्यावरच्या कितीतरी पाट्यांवर या फटी दिसतील. अंतर कमी केलं तर काने एकमेकांत घुसतात.

म्हणजे जागेत बसवण्यासाठी इंग्रजीवाल्याकडे काही पर्याय असतात. आपल्याकडे सभ्य म्हणावेत असे दोनच: टाइप लहान करणं किंवा शब्द बदलणं. रुंदीची पट्टी हा तिसरा. मराठीसाठी व्हेरिएबल फॉन्टचं मोल जास्त आहे ते यामुळे.

“बोल्डचं बटण आहेच ना?”

फॉन्टमध्ये खरा बोल्ड नसेल तर बरीच सॉफ्टवेअर अक्षराच्या कडेला सगळीकडून सारखा थर चढवतात आणि त्यालाच बोल्ड म्हणून दाखवतात. हा खोटा बोल्ड. ‘क्ष’, ‘ङ’, ‘ण्ण’, ‘द्ध’ यांच्यात आधीच जागा कमी. थर चढला की पोटं बुजतात. वरचा अनुस्वार आणि मात्रा एकमेकांना चिकटतात. नीट काढलेल्या जाड अक्षरात रेघ जिथे जाड होऊ शकते तिथेच होते, गर्दी आहे तिथे ती मुद्दाम आवरलेली असते. जाडीची पट्टी या नीट काढलेल्या दोन टोकांमध्ये फिरते.

छापाईत या पट्टीचा एक उपयोग असा आहे की तो कळल्यापासून मी तिच्याशिवाय काम करत नाही. साध्या न्यूजप्रिंटवर शाई फुटते, म्हणजे कागदात थोडी पसरते. पांढऱ्यावर काळा मजकूर त्यामुळे स्क्रीनवर दिसला त्यापेक्षा जाड येतो. रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद पट्ट्यावर पांढरी अक्षरं असतील तर, भोवतालची शाई आत शिरते आणि अक्षरं बारीक होतात. एकाच पानावर दोन्ही असतील तर सारखी दिसावीत म्हणून काळा मजकूर ३८० वर आणि रिव्हर्समधला ४५० वर ठेवून पाहायचा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. कागद आणि मशीन बदललं की तेही बदलतात, एक प्रूफ काढावंच लागतं. मोबाइलच्या स्क्रीनवर नेमकं उलटं असतं: काळ्यावर पांढरी अक्षरं उजळून जाड भासतात, तिथे ती थोडी उतरवायची.

कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं

फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये सीसी २०१८ पासून, इनडिझाइनमध्ये २०२० पासून, कोरलड्रॉमध्ये २०२० पासून, मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये १.० पासून, अॅफिनिटीत २.५ पासून. फिग्मातही ही सोय आहे. मजकूर निवडल्यावर अक्षरांच्या पॅनेलमध्ये फॉन्टच्या नावाजवळ एक लहान खूण किंवा बटण दिसतं, ते दाबलं की पट्ट्या उघडतात.

कोरलड्रॉची जुनी आवृत्ती वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे पट्ट्या येणार नाहीत. त्यांनी ‘स्टॅटिक’ फोल्डरमधल्या हव्या तेवढ्याच शैली टाकाव्यात. रुंदीचे काही टप्पे त्यातही मिळतात आणि ओढाताणीपेक्षा ते कितीतरी बरे. दोन्ही मात्र एकाच वेळी टाकू नयेत. आधीची स्टॅटिक प्रत संगणकावर असेल तर ती काढून, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडून, मग व्हेरिएबल फाइल टाकावी.

मराठी नीट उमटण्यासाठी आणखी एक गोष्ट तपासावी लागते, तिचा व्हेरिएबल असण्या-नसण्याशी संबंध नाही. अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर रचणारं इंजिन ‘वर्ल्ड-रेडी’ निवडलेलं असलं पाहिजे. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. लोक याचा दोष फॉन्टला देतात आणि चांगला फॉन्ट उडवून टाकतात. मजकुराची भाषाही जिथे निवडता येते तिथे मराठी निवडा. काही फॉन्टांत मराठी आणि हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दोन्ही असतात, आणि कुठले दाखवायचे ते भाषेवरून ठरतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्याबद्दल निर्णय काढला, तेव्हा शाळांची आणि सरकारी कामं करणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं.

नवा फॉन्ट घेतला की मी एक ओळ टाइप करून बघतो: तऱ्हा, सुऱ्या, वाङ्मय, ज्ञानेश्वर, शृंगार, ॲप, ऑगस्ट, डोळ्यांत. मग जाडीची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो. ‘तऱ्हा’मधला अर्धा ‘र’ मध्येच मोडत असेल किंवा शिरोरेषेला मधल्या जाडीत खाच पडत असेल तर तो फॉन्ट मोठ्या कामाला घेत नाही.

“प्रेसवाला परत पाठवेल”

ही भीती सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि ती बरीचशी अनाठायी आहे. पीडीएफमध्ये व्हेरिएबल फॉन्ट व्हेरिएबल म्हणून जातच नाही. पीडीएफ काढताना सॉफ्टवेअर तुम्ही ठरवलेल्या जागी अक्षरं गोठवतं आणि ती साध्या फॉन्टसारखी आत बसवतं. प्रेसमधल्या यंत्राला पट्टी कधी दिसतच नाही. खात्रीसाठी पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून जाडी तीच आहे ना ते पाहा. तरीही धाकधूक असेल तर एका प्रतीत सगळा मजकूर कर्व्हजमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत, बदला आणि ती पाठवा. मूळ प्रत तशीच जपून ठेवा, कारण कर्व्हज केल्यावर शुद्धलेखनाची एक चूकही दुरुस्त करता येत नाही.

खरी अडचण पीडीएफऐवजी मूळ फाइल पाठवल्यावर येते. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल, किंवा त्याच नावाची स्टॅटिक प्रत असेल, तर ४३० ची जाडी रेग्युलर होऊन बसते आणि ओळी सरकतात. फाइलीसोबत फॉन्टही द्यावा. मुक्त परवान्याच्या फॉन्टांत त्याला आडकाठी नाही.

जुना मजकूर असेल तर

कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टांत टाइप केलेला मजकूर थेट व्हेरिएबल फॉन्टमध्ये टाकला तर अगम्य चिन्हं दिसतात. त्या पद्धतीत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी कळीच्या जागेवर बसवलेला असे. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. आधी कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःची ठरलेली जागा असलेल्या पद्धतीत, आणायचा, मग डोळ्यांत तेल घालून वाचायचा. रफार आणि अर्धा ‘र’ इथे हमखास चुकतात. वेळखाऊ काम आहे, पण एकदा युनिकोड झालेला मजकूर पुढे वेबसाइटला, ई-बुकला, शोधयंत्राला सगळीकडे चालतो.

“इतक्या जाड्या घेऊन करायचं काय?”

प्रश्न रास्त आहे. पट्टी हातात आली म्हणून पानावर सात जाड्या वापरल्या तर पान बाजारासारखं दिसेल. दिवाळी अंकासारख्या कामात मी सुरुवातीलाच चार जागा ठरवतो: मजकुराची, मथळ्याची, चौकटीतल्या मजकुराची आणि फोटोओळीची. त्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये नोंदवतो आणि मग पट्टीला हात लावत नाही. अपवाद एकच: लांब मथळ्यासाठी रुंदी १०० वरून, म्हणजे नेहमीच्या रुंदीवरून, ९० पर्यंत उतरवायची मुभा. त्याखाली गेलं तर शेजारच्या मथळ्यापेक्षा तो वेगळा दिसू लागतो. तेव्हा संपादकाला फोन करून शब्द बदलून मागणं चांगलं.

मराठीत आहे काय

सुरुवात ‘अनेक देवनागरी’ने करा असं मी सांगेन. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये आणलेल्या या कुटुंबात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहे. जाडी १०० ते ८००, रुंदी ७५ ते १२५. जाडीचे ठरलेले आठ टप्पे आणि रुंदीचे पाच, म्हणजे चाळीस शैली; त्या ‘स्टॅटिक’ फोल्डरमधल्या चाळीस फाइली याच. गूगलच्या ‘नोटो सान्स देवनागरी’त जाडी १०० ते ९०० आणि रुंदी ६२.५ ते १०० आहे, अरुंद रकान्यांना तो चांगला. ‘एक टाइप’चाच गोलसर ‘बलू २’ ४०० ते ८०० या जाडीत मिळतो, पण त्यात रुंदीची पट्टी नाही. हे तिन्ही मोफत आहेत आणि व्यावसायिक कामालाही वापरता येतात.

यापुढे मात्र यादी लवकर आटोपते. मजकुरासाठी बोरूच्या वळणाचा, जाड-बारीक रेघांचा, दोन्ही पट्ट्या असलेला मराठी फॉन्ट मला अजून हवा तसा मिळालेला नाही. कारण रांगोळीच्या त्या अटीत आहे. जाडी आणि रुंदी दोन्ही द्यायच्या तर साधारणपणे चारही कोपऱ्यांची अक्षरं काढावी लागतात: बारीक-अरुंद, बारीक-रुंद, जाड-अरुंद, जाड-रुंद. जोडाक्षरं आणि मात्रांचे आकार धरून देवनागरीत शेकडो आकार होतात. प्रत्येक आकार चार वेळा, दर वेळी तितकेच ठिपके, त्याच क्रमाने. आणि बोरूच्या वळणात रेघ वळताना जाडी बदलते, तिथे मधल्या जाडीत अक्षर पिळवटू नये म्हणून पुन्हा पुन्हा तपासणी. एकसारख्या जाडीच्या रेघांचे फॉन्ट आधी आले ते म्हणूनच.